पैसे देऊन कॅम्पात

डिसेंबरात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर येऊन पडलं. निळं पाणी, सुरूची झाडं, त्याखाली केशरी तंबूंची रांग. केळवे बीच, शनिवार-रविवार, माणशी पंधराशे. त्यात तंबू, रात्रीचं जेवण, शेकोटी, सकाळचे पोहे आणि कयाकिंग. आम्ही पाच जण तयार झालो. दोघं बदलापूरचे, एक अंबरनाथचा, दोघं उल्हासनगरचे. उल्हासनगरच्यांपैकी एक सिंधी, कॅम्प चारला राहणारा. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे स्लीपिंग बॅग आणायला गेलो होतो. त्याची आजी दारात बसलेली. घरात सगळे तिला अम्मा म्हणतात, म्हणून आम्हीही. कुठे निघालात म्हणून तिनं विचारलं. कॅम्पिंगला, असं मी सांगितलं. तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा सांगितलं. ऐकू तिला पहिल्याच वेळी आलं होतं.

"पैसे देके कॅम्प में जा रहे हो?" ती म्हणाली. "हमको तो सरकार ने मुफ्त में दिया था."

मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी जन्मापासून बदलापूरकर. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले 'चार नंबर, पाच नंबर' ओरडतात ते शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. 'कॅम्पात जातो', 'कॅम्पातून जीन्स आणली', 'तो कॅम्प तीनचा'. या 'कॅम्प'चा कॅम्पिंगशी काही संबंध असेल हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या पट्ट्यात हिवाळ्यात तात्पुरत्या निवाऱ्यात कोण कोण राहून गेलं, हे त्या हसण्यानंतर मी शोधायला लागलो. यादी माझ्या अंदाजापेक्षा बरीच लांब निघाली.

आधी हवामानाचं बोलू, कारण सगळं तिथून सुरू होतं. उत्तर कोकणात जून ते सप्टेंबर तंबूला काही अर्थ नसतो. कापड टिकत नाही, खुंटी चिखलात धरत नाही. समुद्रही बंद असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होड्या लोटत नाहीत. मग ऑक्टोबरचा उकाडा सरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने येतात की माणूस उघड्यावर झोपू शकतो. पाऊस नाही, घाम नाही, किनाऱ्यावर गोठवणारी थंडीही नाही. बदलापूरला पहाटे मुंबईपेक्षा तीन-चार अंश कमी असतात आणि त्याचं आम्ही फार कौतुक करून घेतो, पण जीव घेणारी थंडी ती नव्हेच. होडीचा मोसम आणि तंबूचा मोसम इथे एकच.

'छावणी' हा शब्द यातूनच आला. आज छावणी म्हटलं की आपल्याला तंबू दिसतात. पण छावणे म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या आणि मोसमभर डेऱ्या-राहुट्यांत, पालांत, नाहीतर नुसत्या घोंगडीखाली राहायच्या. पाऊस जवळ आला की कुठेतरी स्थिर व्हायचं आणि डोक्यावर गवताचं छप्पर घालायचं, ती छावणी. म्हणजे कोरड्या दिवसांत तंबू, ओल्या दिवसांत छावणी. दोन्हींत घर कुठेच नाही.

केळव्याला आम्ही दुपारी पोचलो. बदलापूरहून दादर, तिथून पश्चिम रेल्वे, केळवे रोड स्टेशनला उतरून रिक्षा. गावात शीतलादेवीचं देऊळ, पुढे वाडी, मग सुरूचं बन आणि त्यापलीकडे लांबलचक सपाट किनारा. बनाच्या कडेला वाळूतच एक छोटा किल्ला आहे. पोरं त्यावर चढून रील करत होती. आम्हीही केला, खोटं कशाला बोलू.

त्या किल्ल्याचा आणि त्या किनाऱ्याचा एक हिवाळा आहे, १७३८-३९चा. वसई प्रांत तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. मराठ्यांनी १७३७ सालच्या मोहिमेत ठाणे घेतलं, पण वसई राहिली आणि उत्तरेची किनारपट्टीही राहिली. केळव्याला लागून असलेल्या माहीमवरचा आधीचा प्रयत्न फसला होता. (हे माहीम मुंबईचं नव्हे. मुंबईबाहेरची दोन-तीन माहीमं आपल्याला माहीत नसतात, हा आपला दोष.) मग चिमाजी अप्पा स्वतः फौज घेऊन कोकणात उतरले. १७३९ सालच्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकापाठोपाठ एक पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेटरेकर ठार झाले. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला आणि मे महिन्यात वसई मिळाली.

आपण शाळेत हे वसईची घंटा आणि चिमाजींचा निर्धार एवढ्यापुरतं शिकतो. मला तारखा पाहिल्यावर वेगळंच दिसलं. ही सगळी मोहीम घड्याळ लावून चाललेली आहे. डिसेंबर-जानेवारीत छोटी ठाणी, मग मोठा किल्ला, आणि काहीही करून जूनच्या आत निकाल. पाऊस लागला की वसईभोवतीच्या खाड्या आणि दलदल भरणार, सुरुंगांची दारू भिजणार, दाणावैरण अडणार. वसईच्या तटाखाली सुरुंग पेरणाऱ्या माणसांना मागे शत्रूपेक्षाही आभाळ दिसत असणार.

रात्री शेकोटी विझल्यावर मी तंबूच्या बाहेर बसलो होतो. तेव्हा इथे हे सुरू नसणार. सुरू हे ऑस्ट्रेलियाकडचं झाड, नंतर आणून लावलेलं. ताडमाड असतील. जानेवारीतलं दव मात्र हेच असणार. दव काय असतं ते तंबूत झोपल्याशिवाय कळत नाही. पहाटे तीनला आमच्या तंबूच्या आतल्या बाजूनं पाणी गळायला लागलं. आपल्याच श्वासाचं पाणी. स्लीपिंग बॅगचं टोक ओलं, मोबाइल ओला. देशावरून आलेला, समुद्र पहिल्यांदाच पाहणारा एखादा शिलेदार इथे घोंगडीखाली कुडकुडला असेल का, की त्याला ही हवा उबदार वाटली असेल? सातारा-पुण्याच्या पठारावरच्या पौषातल्या थंडीतून आलेल्याला केळवं उबदारच वाटलं असणार. तेवढं एक सुख. बाकी समोर तोफा होत्या.

सकाळी कयाक. ओहोटी होती आणि केळव्याचा किनारा सपाट असल्यामुळे पाणी पार लांब गेलेलं. दोघा-दोघांनी ती पिवळी प्लास्टिकची होडी उचलून ओल्या वाळूतून नेली. जाळं सोडवत बसलेल्या एका कोळी आजोबांनी आमच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. आम्ही वल्हं दोन्ही बाजूंनी मारतोय, होडी गोल फिरतेय, हे त्यांनी शांतपणे पाहून घेतलं.

कयाक ही मुळात बर्फातली होडी. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती केली, एकट्यानं शिकार करायला. तीच होडी आता उष्ण किनाऱ्यांवरचा हिवाळी खेळ झाली आहे. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्निया नावाचा लांबट द्वीपकल्प आहे. त्याच्या पोटाशी कॅलिफोर्नियाचं आखात. १९७३ साली तिथला उत्तर-दक्षिण महामार्ग पूर्ण झाला आणि कॅनडा-अमेरिकेतली थंडीला कंटाळलेली माणसं, बरीचशी निवृत्त, गाड्या घेऊन तिथे उतरायला लागली. कॉन्सेप्सिऑन उपसागराच्या काठावर ते आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतात. सकाळी कयाक, दुपारी झोप, संध्याकाळी मासा. बर्फ वितळला की घरी. इंग्रजीत त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. आपल्याकडे गोव्यात साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून हिप्पी येऊन हणजूण-वागातोरला हिवाळा काढायचे आणि गरमी वाढली की हिमालयाकडे सरकायचे, त्यातलाच प्रकार. फक्त हिप्पींकडे पैसे कमी आणि गांजा जास्त.

त्या बाहाच्या किनाऱ्यांवर मात्र आधी कोचिमी लोक राहत होते. मोसमाप्रमाणे समुद्राकडे यायचे, शिंपले-मासे खायचे, पुन्हा आत सरकायचे. १६९७ साली जेझुइट पाद्र्यांनी लोरेतोला पहिलं कायम मिशन घातलं. मिशनांनी या फिरत्या लोकांना एका जागी बसवलं. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत साथींच्या रोगांनी ते जवळजवळ नाहीसे झाले. आखाताच्या पलीकडच्या काठावर सेरी लोक वेताच्या जुड्या बांधून केलेल्या होड्या चालवायचे. ते अजून आहेत, त्या होड्या नाहीत. आता तिथे कयाक भाड्यानं मिळतात.

हे वाचताना मला आमचे कोळी आजोबा आठवले. आपल्याकडेही एका लाकडातून कोरलेली छोटी डोणी होती, एका माणसापुरती. दक्षिण कोकणात बाजूला उलांडी बांधलेल्या होड्या अजून दिसतात. उलांडी म्हणजे होडी कलू नये म्हणून बाजूला धरलेलं लाकूड. असली होडी भाड्यानं घेऊन कुणी फोटो काढत नाही. तिला माशांचा वास येतो.

आता पुन्हा आपल्या पट्ट्यात. फौजा गेल्या, इंग्रज आले. हिवाळ्यात कापडाखाली राहायची सवय त्यांनीही उचलली, अर्थात आपल्या ऐटीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या किल्ल्याबाहेर एस्प्लनेडच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदान-ओव्हल पट्ट्यात, कोरडा मोसम लागला की गोरे लोक तंबू आणि बांबूचे तात्पुरते बंगले उभारत. समुद्राची हवा यायची. पाऊस आला की सगळं मोडून किल्ल्यात परत. जिल्ह्यात कलेक्टर आणि त्याचे असिस्टंट पावसानंतर दौऱ्यावर निघत. असिस्टंट कलेक्टरचे तर वर्षातले कित्येक महिने तंबूतच जायचे. झाडाखाली कचेरी, टेबल, शिपाई, जमाबंदीचे कागद. ऐकायला रम्य वाटतं. पण साहेबाच्या मुक्कामाला बैलगाड्या, वैरण, सरपण, कोंबड्या, दूध कोण पुरवायचं? त्याला 'सरबराई' असा गोड शब्द होता. गावकऱ्यांसाठी ती वेठ होती.

अंबरनाथच्या शिवमंदिराशी या थंडीच्या दिवसांचं एक बरं नातं आहे, तेही सांगतो. मंदिर शके ९८२चं, म्हणजे इ. स. १०६०चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं, वालधुनीच्या काठी. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आणि नंतर दोनेक वर्षांत घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली, तसं हे रानातलं देऊळ मुंबईच्या हाताशी आलं. १८६८ सालच्या थंडीत सरकारनं जेजे स्कूल ऑफ आर्टचे जॉर्ज टेरी यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची तुकडी इथे पाठवली. त्यांनी मूर्तींची चित्रं काढली, साचे घेतले. नोव्हेंबरातलं तिरकं ऊन दगडावर कसं पडतं हे अंबरनाथकरांना सांगायला नको. आज तिथे उभं राहिलं की आधी वालधुनीचा वास येतो आणि मग शिल्पं दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात हा पट्टाच कॅम्प झाला. कल्याणपासून पाचेक किलोमीटरवर लष्करानं 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प' उभा केला. ट्रान्झिट म्हणजे येत्या-जात्या पलटणींचा थांबा. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं सामावतील अशी सोय, दोन हजारांवर बॅरकी. मध्ये लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. ही जागा रिकामी नव्हती. आसपास आगरी-कोळी गावं होती, भातशेती होती. नेवाळीच्या बाजूला धावपट्टीसाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपलं, धावपट्टी ओस पडली आणि लोक पुन्हा ती जमीन कसायला लागले, पण कागद सरकारकडेच राहिला. २०१७च्या जूनमध्ये नौदलानं तिथे कुंपणाचं काम काढलं तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. हाजीमलंग रस्त्यावर गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. आम्ही त्या दिवशी लोकलमध्ये व्हिडिओ पाहत होतो आणि 'हे काय अचानक' असं म्हणत होतो. अचानक कसलं, पंचाहत्तर वर्षांचं होतं ते.

तर १९४५ नंतर या बॅरकी रिकाम्या पडल्या आणि दोन वर्षांत त्यांना भाडेकरू मिळाले.

फाळणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंजाबातल्या आगगाड्या येतात. सिंधची फाळणी बरीचशी समुद्रावरून झाली. ऑगस्ट १९४७ला सिंधी हिंदूंपैकी पुष्कळांना वाटत होतं की राज्य बदलेल, घर कशाला बदलेल? मग ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि निघण्याची घाई सुरू झाली. कराची बंदरातून बोटी भरभरून मुंबईला यायला लागल्या. ऐन हिवाळा होता. अरबी समुद्र तेव्हा शांत असतो, हीच काय ती कृपा.

अम्मा तेव्हा सात वर्षांची होती. केळव्याहून परतल्यावर स्लीपिंग बॅग द्यायला गेलो तेव्हा ती आपणहून बोलली. बोटीच्या डेकवर तिला उलट्या झाल्या. वडिलांनी घराला कुलूप घालून किल्ली शेजाऱ्याकडे दिली होती, उन्हाळ्यात परत येऊ म्हणून. आईनं सामानात सगळ्यात जास्त काय घेतलं? रल्या. आपल्या गोधडीसारखी सिंधी रली, तुकडे जोडून शिवलेली. सिंधमध्ये जानेवारीत हाडं गोठतात. नव्या मुलुखात पोरं गारठू नयेत म्हणून आईनं भांडी कमी केली आणि रल्या बांधल्या. इथे येऊन पाहिलं तर थंडीच नाही. अम्माच्या भाषेत, "ये कोई ठंड है? ये तो पंखा है."

मग त्या रल्या भिंती झाल्या. एका बॅरकीच्या हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं. मध्ये दोऱ्या बांधून कुणी गोणपाट टांगलं, कुणी साडी, कुणी चादर. अम्माच्या आईनं रल्या टांगल्या. पलीकडच्या कुटुंबातला म्हातारा रात्रभर खोकायचा आणि खोकला रलीतून जसाच्या तसा अलीकडे यायचा. पाण्याला रांग, रेशनला रांग, संडासाला रांग. मुलांना मात्र मजा वाटायची, हे तिनं दोनदा सांगितलं. एवढ्या मोठ्या घरात एवढी मुलं तिनं कधी पाहिली नव्हती. पहिल्या पावसात छत गळलं. त्या रात्री तिचे वडील पहिल्यांदा म्हणाले की आता परत जाणं होणार नाही. कराचीची बातमी ऐकून नव्हे, छत दुरुस्त करायला घेतलं म्हणून.

मला तिथे चटकन छावणीचा तो जुना अर्थ आठवला. पावसाआधी डोक्यावर छप्पर घालायचं.

लाखाच्या आसपास माणसं या कॅम्पांत आली. ऑगस्ट १९४९मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचं नाव त्याला मिळालं. नाव बदललं, कॅम्प राहिला. एक ते पाच नंबर आजही तसेच आहेत. टपालाच्या पत्त्यात आजही 'बॅरक नंबर' असतो, मग तिथे चार मजली इमारत का असेना. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट अशीच. महायुद्धात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता. १९४८पर्यंत पोलिश गेले आणि त्याच कॅम्पात सिंधी आले, त्याचं गांधीनगर झालं. पोलंडच्या मुलांनीही कोल्हापूरच्या हिवाळ्यात अंगातले कोट काढून ठेवले असणार.

सिंधी माणूस नदीचा. त्यांचा झुलेलाल माशावर बसून येतो; चेटीचंडला ज्योत, फळं, अक्षता असा बहराणा सजवून पाण्यात सोडायचा असतो. पाणी म्हणजे मूळची सिंधू. इथे त्यांना उल्हास मिळाली. नदी काही साधी नाही ही. लोणावळ्याच्या डोंगरात उगम, कर्जत, नेरळ, बदलापूर, मग कल्याणजवळ खाडी होऊन पुढे वसईला समुद्र. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथेच आरमाराची पहिली जहाजं बांधायला काढली. म्हणजे ज्या पाण्यात मराठी आरमाराचा जन्म झाला, त्याच्या वरच्या अंगाला आम्ही राहतो आणि होडीत बसायला दोन गाड्या बदलून केळव्याला जातो. म्हारळ-कांब्याच्या बाजूला नदीवर जलपर्णीचा असा गालिचा पसरतो की पाणी दिसत नाही. सांडपाणी, कारखाने, हरित लवाद, तुम्ही बातम्या वाचता, मी पुन्हा सांगत नाही.

नदीत होड्या मी एकदाच भरपूर पाहिल्या. २७ जुलै २०१९. आदल्या रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी, त्यात गरोदर बायका. एनडीआरएफच्या रबरी होड्या आल्या, वर नौदलाची हेलिकॉप्टरं. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. रुळांच्या शेजारून होडी वल्हवत नेणारे ते जवान मी टीव्हीवर पाहिले, घर तिथून फार लांब नसताना. आमच्याकडचं कयाकिंग हे असं.

यादीतलं शेवटचं नाव मला शोधावं लागलं नाही. बदलापूरच्या पुढे वांगणीकडे लोकलच्या दारात उभे राहा, दिवाळीनंतर. नदीच्या बाजूनं वीटभट्ट्यांचा धूर दिसतो. भट्टीशेजारी कच्च्या विटांच्या कमरेएवढ्या भिंती, वर पेंढा, ताडाची पानं, हल्ली निळं प्लास्टिक. त्याला भोंगा म्हणतात. आत वाकून जावं लागतं. त्यात कातकरी कुटुंब राहतं, दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालकाकडून 'उचल' घ्यायची आणि मोसमभर विटा पाडून ती फेडायची. बहुतेकदा ती फिटत नाही. मग पुढच्या दिवाळीला पुन्हा. मुलं आईबापांबरोबर येतात, त्यामुळे गावची शाळा सुटते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालवल्या, त्या याच मुलांसाठी.

चिमाजींची फौज, साहेबाचा डेरा, केळव्याचे आम्ही, वांगणीचा कातकरी. हंगाम सगळ्यांचा एकच, पाऊस संपण्यापासून पाऊस लागण्यापर्यंत. आमच्यापैकी कोण कुणाच्या हुकमावरून तिथे आहे, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही. केळव्याच्या रात्री कुणीतरी म्हणालं होतं, "यार, सगळं सोडून असंच राहायला पाहिजे." मीही हो म्हणालो होतो. रविवारी संध्याकाळी साडेसातला मी घरी होतो, गरम पाण्यानं अंघोळ करून.

कॅम्पिंगला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. मी तर फेब्रुवारीत पुन्हा चाललोय. दर वेळी माणशी पंधराशे नकोत म्हणून मित्रानं ऑनलाइन तंबू मागवला, चार माणसांचा. पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होतो. डिलिव्हरीवाला पोरगा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोनवर पत्ता पडताळत होता: बॅरक नंबर, रूम नंबर, कॅम्प चार. आम्ही तंबू घरातच उघडून पाहिला. हॉल भरला. अम्मा खुर्चीवरून उठली, कापड दोन बोटांत धरून चोळून पाहिलं, उजेडाकडे धरलं.

"बारिश में टपकेगा," ती म्हणाली आणि आत जाऊन कपाटातून एक जुनी रली काढून आणली. कडेला विरलेली, मध्ये लाल-पिवळे तुकडे अजून घट्ट. खाली अंथरायला घेऊन जा म्हणाली. आणि परत आणून द्या.